खाण यायच्या आधी नाल्याकाठच्या वावराचं मोजमाप कसं करून ठेवायचं

माझ्या मामाची विहीर ३८ फूट खोल होती आणि भर मे महिन्यात तिच्यात दोन पुरुष पाणी असायचं, हे आख्ख्या गावाला माहीत होतं. वावर नाल्याला लागून, वर काळी कन्हार, खाली रेती, गहू-हरभरा दरवर्षी ठरलेला. मग शिवारापासून अर्ध्या किलोमीटरवर उघड्या कोळसा खाणीचा, म्हणजे ओपनकास्टचा, खड्डा आला, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात विहिरीच्या तळाला दोरी टेकली तरी ओली होईना. मामा अर्ज घेऊन गेला तेव्हा टेबलापलीकडच्या साहेबांनी एकच विचारलं, आधी किती पाणी होतं याचा काही कागद आहे का? कागद नव्हता. सातबाऱ्यावर तर त्या तुकड्याची नोंद कोरडवाहू अशीच होती, कारण पंधरा वर्षं कोणी ती बदलून घेतली नव्हती.

म्हणून हे लिहितोय. वरोरा, भद्रावती, राजुरा, वणी, घुग्घुस या चंद्रपूर-यवतमाळच्या कोळसा पट्ट्यात ज्यांची जमीन नाल्याला किंवा नदीला लागून आहे आणि आसपास खाण आहे किंवा येणार अशी चर्चा आहे, त्यांनी हे काम स्वतः करायचं आहे. फार खर्च नाही, पण किमान एक वर्ष द्यावं लागतं आणि ते वर्ष खाण जवळ यायच्या आधीचं असावं लागतं, कारण नंतरच्या मोजमापावरून आधीचं काही सिद्ध होत नाही.

आधी हे समजून घ्या की नाल्याकाठची जमीन आणि वरची बरड जमीन यात फरक नेमका कशाचा आहे. लोक म्हणतात गाळाची माती, कसदार माती. ते खरंच आहे पण अर्धंच. खरी ताकद मातीच्या खाली आहे, तिथं नाल्यानं शेकडो वर्षांत टाकलेले रेतीचे आणि बारीक गोट्यांचे थर असतात, त्यात पाणी साठतं आणि हळूहळू सरकतं, आणि वरची काळी माती ते पाणी खालून ओढून घेते. त्यामुळे दिवाळीनंतर एक थेंब पाऊस नसला तरी ओलीवर हरभरा निघतो. खाणीचा खड्डा या थरांपेक्षा कितीतरी खोल जातो आणि तिथं रात्रंदिवस पंप चालतात, मग आसपासचं पाणी खड्ड्याकडे वाहायला लागतं. तुमच्या मातीला कोणी हात लावलेला नसतो, पीक तेच, बियाणं तेच, पण खालचं पाणी निघून गेलेलं असतं. जमीन जाणं फक्त संपादनानंच होतं असं नाही, हे आपल्याकडे फार उशिरा कळतं.

अमेरिकेत याच गोष्टीसाठी कायदा आहे. १९७७ साली, जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना, तिथं उघड्या कोळसा खाणींसाठी कायदा झाला आणि त्यात शंभराव्या पश्चिम रेखांशाच्या पश्चिमेकडच्या भागासाठी, म्हणजे माँटाना, वायोमिंग अशा कमी पावसाच्या राज्यांसाठी, नदी-नाल्याकाठच्या गाळाच्या जमिनीला वेगळं संरक्षण दिलं. त्या जमिनीला ते अल्युव्हिअल व्हॅली फ्लोअर म्हणतात. खाणीला परवानगी देताना बघायचं की तिथं प्रवाहानं आणून टाकलेला गाळ आहे का, शेतीला पुरेल इतकं पाणी खालून किंवा पुरातून मिळतं का, त्या शेतकऱ्याच्या एकूण उत्पन्नात त्या तुकड्याचं महत्त्व किती, आणि खाणीमुळे तिथल्या पाण्याचं मोठं नुकसान होईल का. उतारावरून धुऊन आलेल्या मातीचा पातळ थर असलेली वरची जमीन त्यात धरत नाहीत. पडीक चराई, किंवा इतका लहान तुकडा की तो गेल्यानं शेतीच्या उत्पन्नाला जवळपास धक्का लागत नाही, यांनाही ते संरक्षण नाही. आपल्याकडे असा कायदा नाही. पण ते चार प्रश्न फार नेमके आहेत आणि आपल्या वावराला ते जसेच्या तसे लावता येतात. मी माझ्या गावात तसंच केलं, खाली तीच पद्धत सांगतोय.

सुरुवात गटनकाशापासून. तो काढा, भूनकाशाच्या साइटवर मिळतो, त्याची मोठी प्रिंट घ्या, आणि त्यावर नाला, विहिरी, बोअर, बंधारा, पायवाट, मोठी झाडं सगळं स्वतः फिरून मांडा. मग मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर गूगल अर्थ उघडून जुने फोटो बघा, त्यात वर्ष मागे नेता येतं. फोटो शक्यतो एप्रिल-मेचाच बघा. पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं, त्यातून काही कळत नाही. उन्हाळ्यात सगळं शिवार तांबडं-करडं झालेलं असताना नाल्याच्या कडेनं जो हिरवा पट्टा दिसतो ना, तो खालच्या पाण्याचा पुरावा. चार-पाच वेगवेगळ्या वर्षांचे असे फोटो तारखेसकट सेव्ह करून ठेवा. आणि एक वर्ष कमी पावसाचं मुद्दाम शोधा, त्या वर्षीही पट्टा हिरवा असेल तर तुमची बाजू किती भक्कम होते ते वेगळं सांगायला नको.

आता माती. नाल्यापासून बांधापर्यंत सरळ रेषेत तीन-चार ठिकाणी खड्डे घ्या, प्रत्येकी पाच फूट तरी. मार्च-एप्रिलमध्ये घ्या, तेव्हा काळी माती दगडासारखी होते पण भिंत कोसळत नाही आणि थर स्वच्छ दिसतात. पहारीनं एक बाजू सरळ तासून घ्या, टेप उभा लावा, फोटो काढा. कुठपर्यंत काळी, कुठून पिवळसर, कुठं चुनखडीचे खडे, कुठं रेती, ते इंचात लिहा. आमच्या एका खड्ड्यात साडेतीन फुटांवर माती हाताला गार लागायला लागली, चार फुटांवर मुठीत दाबली की गोळा व्हायचा आणि त्यात तांबूस गंजासारखे ठिपके होते, बाहेर त्या दिवशी ४३ डिग्री तापमान होतं. ते गंजाचे ठिपके महत्त्वाचे. पाणी वर येतं आणि खाली जातं अशा थरात मातीतलं लोखंड असं गंजतं, म्हणजे पाण्याची पातळी वर्षातून कुठपर्यंत चढते त्याची ती खूणच असते.

खाली गोटे लागले तर हातात घेऊन बघा. गुळगुळीत, गोल असतील तर पाण्यानं लांबून आणलेले, म्हणजे नाल्याचा गाळ. धारदार, टोकदार असतील तर ती वरच्या टेकाडावरून धुऊन आलेली खडी. हा फरक बारीक वाटेल पण इथंच सगळं ठरतं, कारण उतारावरची खडी पाणी धरून ठेवत नाही आणि तुमच्या वावराचा नेमका कुठला भाग नाल्याच्या पाण्यावर जगतो याची हद्द त्यावरून आखता येते. प्रत्येक खड्ड्यातली माती पारदर्शक बाटलीत पाण्यात घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. रेती मिनिटभरात खाली बसते, पोयटा काही तासांत, चिकणमातीला दिवसभर लागतो. बाटलीवर पेननं थरांच्या रेषा मारा, फोटो काढा. माती परीक्षणाला एक-एक किलो द्या, कृषी विज्ञान केंद्रात देता येतं, चंद्रपूर जिल्ह्यासाठी ते सिंदेवाहीला आहे. आणि नागपूरला अमरावती रोडवर मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्थाच आहे, तिचे मातीचे नकाशे जिल्ह्यांचे झालेले आहेत, ते बघून तुमच्या गटाला कोणता वर्ग दिलाय ते लिहून घ्या. जुन्या मध्य प्रांताच्या बंदोबस्ताच्या कागदात मातीची नावं कन्हार, मोरंड, खरडी, बरडी, कछार अशी लिहिलेली सापडतात. कछार म्हणजे नदीकाठची गाळाची. आजोबा-पणजोबांच्या काळातला असा कागद घरात असेल तर तो जपा, शंभर वर्षांपूर्वी सरकारनंच त्या तुकड्याला गाळाची जमीन म्हटलंय.

झाडंसुद्धा साक्ष देतात. शिंदी, करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन ही मंडळी रांगेनं उभी असतील आणि कडेला लव्हाळा, पाणकणीस असेल तर मुळांना बारमाही ओल मिळतेय. नाल्यापासून किती मीटरपर्यंत ही झाडं आहेत ते मोजा आणि नकाशावर खूण करा.

आता पाणी, आणि इथं जरा थांबून वाचा कारण बाकी सगळं काही दिवसांत उरकतं, हे वर्षभर चालतं.

विहिरीच्या कठड्यावर एका ठिकाणी ऑइल पेंटनं लाल खूण करा. दरवेळी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. टेपला खाली एक नट बांधा, नट पाण्याला टेकला की आवाज येतो, तिथं टेपचा आकडा वाचा. सकाळी मोटर सुरू करायच्या आधी मोजायचं, आदल्या रात्री मोटर चाललेली नको. महिन्यातून दोनदा मोजलं तर उत्तम, नाहीच जमलं तर मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी हे चार महिने चुकवू नका. हेच महिने का, तर कोळसा खाणींना पर्यावरण मंजुरी देताना भूजल मोजायची जी अट सहसा घालतात तिच्यात हेच चार महिने लिहिलेले असतात. खाणीचे आकडे आणि तुमचे आकडे एकाच महिन्याचे असले की शेजारी-शेजारी ठेवता येतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरीही असतात, तुमच्या सगळ्यात जवळची कुठली ते विचारून घ्या आणि तिचे जुने आकडे माहितीच्या अधिकारात मागा, १० रुपयांचा अर्ज आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

एकट्याच्या विहिरीनं भागत नाही. नाल्याच्या दोन्ही बाजूंच्या मिळून सात-आठ विहिरी धरा, थोड्या नाल्याजवळच्या, थोड्या लांबच्या. आम्ही नऊ धरल्या, प्रत्येकाच्या घरची पोरं मोजतात आणि ग्रुपवर फोटो टाकतात. पहिल्या दोन महिन्यांत तिघांनी कंटाळून सोडलं, मग दर अमावस्या-पौर्णिमेला मोजायचं ठरवलं तेव्हा कुठं बसलं, कारण ती तिथी घरात आईला-आजीला पक्की माहीत असते आणि त्याच आठवण करून देतात.

मग विहिरीचं पाणी आणि नाल्याचं पाणी यात उंच कोणतं ते बघा. त्यासाठी गवंडी वापरतात ती लेव्हलची पारदर्शक नळी पुरते, पाणी भरून टप्प्याटप्प्यानं विहिरीच्या कठड्यापासून नाल्यापर्यंत न्यायची. विहिरीतलं पाणी नाल्यापेक्षा उंच असेल तर जमीन नाल्याला पाणी देतेय, खाली असेल तर नाला जमिनीला देतोय. बहुतेक ठिकाणी पावसाळ्यानंतर काही महिने जमीन देते आणि पुढे उलटं होतं. खाणीचा खड्डा आला की ही दिशा बिघडते, जी जमीन जानेवारीपर्यंत नाल्याला पाणी द्यायची ती दिवाळीतच नाल्याचं पाणी प्यायला लागते आणि नाला होळीच्या आधीच तुटतो. एका वर्षाची पक्की नोंद असेल तर हा बदल कागदावर बोटानं दाखवता येतो.

नाल्याचा प्रवाहही मोजा. दहा मीटरचा सरळ तुकडा निवडा, रुंदी आणि चार-पाच ठिकाणची खोली घ्या, वरून वाळलेली काडी किंवा संत्रं सोडा आणि किती सेकंदात दहा मीटर जातं ते बघा. समजा सरासरी रुंदी दीड मीटर, खोली २० सेंटिमीटर, आणि संत्र्याला ४० सेकंद लागले. क्षेत्र झालं ०.३ चौरस मीटर, वेग सेकंदाला ०.२५ मीटर, पण वरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं म्हणून वेगाला ०.८ नं गुणायचं, म्हणजे ०.२. गुणाकार केला की सेकंदाला ०.०६ घनमीटर, म्हणजे ६० लिटर. हे शिवाराच्या वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला एकाच दिवशी करा. मधे कोणी मोटर लावलेली नसताना खाली पाणी वाढलं असेल तर तुमची जमीन नाल्याला भरतेय. नाला कोणत्या तारखेला वाहायचा थांबला आणि कोणत्या तारखेला डोह आटला, त्या दोन तारखा दरवर्षी लिहा.

विहिरीला पाणी किती वेगानं येतं तेही एकदा मार्चमध्ये करून ठेवा. मोटर लावून पाणी सहा-सात फूट उतरवा, बंद करा, आणि दर दहा मिनिटांनी पातळी लिहा, पहिल्या जागेवर येईपर्यंत. आमच्याकडे चार तासांत भरते. पुढे कधी अकरा तास लागले तर कारण शोधायला जागा आहे.

पाण्याची प्रत. कोळशात आणि त्याच्या आसपासच्या दगडात गंधकाचं लोखंडी खनिज असतं, ते हवा-पाण्याला उघडं पडलं की सल्फेट तयार होतं, कधी पाणी आंबट होतं, कधी नुसतं जड आणि खारट. त्यामुळे आजचं पाणी प्रयोगशाळेत तपासून रिपोर्ट हातात ठेवा, त्यात पीएच (आंबटपणा), टीडीएस (विरघळलेले क्षार), ईसी (क्षारांमुळे पाण्यातून वीज किती वाहते ते), सल्फेट, लोह, क्लोराइड, एसएआर (सोडियमचं प्रमाण) आणि बोरॉन एवढं हवंच. ओलितासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत पीएच ६ ते ८.५, ईसी सेंटिमीटरला जास्तीत जास्त २२५० मायक्रोसिमेन्स आणि बोरॉन लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. पिण्याच्या पाण्यात सल्फेट लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर ४०० पर्यंत. खाण जे पाणी बाहेर सोडते त्यातला तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या वर नको आणि पीएच ५.५ ते ९ च्या मधे हवा, हा कोळसा खाणींसाठी २००० साली ठरलेला नियम आहे. नमुना घेताना बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा, आणि भरताना फोटोत बाटली, माणूस आणि मागची ओळखीची जागा तिन्ही दिसू द्या. घरच्या घरी टीडीएस पेननं महिन्याला बघत राहिलात तर बदल लवकर कळतो, पण भांडायला लॅबचाच कागद लागतो.

पुराचं विसरू नका. २०२२ च्या जुलैत वर्धेला पूर आला तेव्हा या पट्ट्यात पाणी कुठवर चढलं ते अजून लोकांच्या डोळ्यासमोर आहे, झाडांवर, भिंतींवर खुणा आहेत. त्या नकाशावर घ्या. जलसंपदा खात्यानं निळी आणि लाल पूररेषा आखली असेल तर तीही मागवा, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. खाणीच्या मातीचा ढिगारा या रेषांच्या आत येतोय का हा साधा प्रश्न आहे, पण नकाशावर रेषा असेल तरच विचारता येतो. ढिगारा नाल्याच्या काठावर उभा राहिला की पुराचं पाणी समोरच्या थडीवर, म्हणजे आपल्या वावरात, जास्त चढतं आणि सोबत ढिगाऱ्याची माती आणून टाकतं. ती काही कसदार गाळाची माती नसते, तिच्यावर तूर सुद्धा नीट उभी राहत नाही.

एवढं झालं की तिसरा प्रश्न, या तुकड्यावर घर किती चालतं. इथं बहुतेक जण एकरावर हिशोब करतात आणि फसतात. आमची सात एकर आहे, त्यातली दोनच नाल्याला लागून. एकरानं बघितलं तर तिसरा हिस्सासुद्धा नाही. पण रब्बीचं सगळं पीक त्या दोन एकरांतून, उन्हाळ्यात बैलांचा आणि दोन म्हशींचा हिरवा चारा तिथलाच, घरची मिरची-भाजी तिथली, आणि ज्या वर्षी पावसानं ऑगस्टमध्ये दडी मारली त्या वर्षी वरचं सोयाबीन गेलं तरी खालच्या कपाशीनं तारलं. म्हणून तीन वर्षांचा हिशोब मांडा, त्यात एक वर्ष वाईट धरा, आणि वाईट वर्षात घरात आलेल्या पैशातला किती वाटा नाल्याकाठचा होता ते वेगळं काढा. बाजार समितीच्या पावत्या, जिनिंगच्या पावत्या, दूध डेअरीचं पुस्तक, मोटरचं वीजबिल, सगळं त्या हिशोबाला जोडा. मजुरांचाही विचार करा, रब्बीत किती बायांना किती दिवस काम मिळतं ते लिहा, ते नुकसान जमिनीच्या मोबदल्यात सहसा मोजलं जात नाही.

आणि सातबारा दुरुस्त करून घ्या. आजच. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी ॲप राज्यभर आलंय, खरीप, रब्बी, उन्हाळी प्रत्येक हंगामात पीक आणि ओलिताचं साधन स्वतः नोंदवायचं. विहीर सातबाऱ्यावर चढलेली नसेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या. मामाचं जे झालं ते इथंच झालं. शिवाय २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १० मध्ये एकापेक्षा जास्त पिकं घेणारी ओलिताची जमीन शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावी असं आहे, आणि खाणीसाठी जमीन त्या कायद्यानं घेत असतील तर तुमची जमीन तशी आहे हे कागदावर दिसावं लागतं. सरकारी कोळसा कंपन्यांसाठी मात्र बहुतेक वेळा १९५७ चा कोळसाधारक क्षेत्राचा कायदा वापरतात, तिथं कलम १० लागत नाही. २०१५ पासून मोबदला आणि पुनर्वसन २०१३ च्या कायद्याप्रमाणे द्यावं लागतं, पण जमीन घ्यायची पद्धत जुनीच.

त्या १९५७ च्या कायद्यातली तारीख लक्षात ठेवा. कलम ४ ची अधिसूचना म्हणजे इथं कोळसा शोधणार. कलम ७ ची म्हणजे घ्यायचा इरादा. कलम ७ निघाल्यापासून ३० दिवसांत कलम ८ खाली हरकत घेता येते, पूर्ण जमिनीला किंवा काही भागाला, आणि सुनावणी मागता येते. ३० दिवस अधिसूचना निघाल्यापासून धरतात, गावात बातमी आल्यापासून नाही. त्यामुळे कलम ४ चं नाव ऐकलं की मोजमाप सुरू झालेलं असावं. काही भागाला हरकत, हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. सगळं गाव एका सुरात नाही म्हणेल असं होत नाही, कोणाला दोन एकर दिल्यावर खाणीत नोकरी दिसते, कोणावर कर्ज असतं, आणि त्यांना नावं ठेवून उपयोग नाही. पण नाल्याकाठचा हा पट्टा सोडा, ही त्याची हद्द, हे त्याचे खड्डे आणि हे पाण्याचे आकडे, एवढं नेमकं मागणं घेऊन गेलात तर गावही एकत्र राहतं आणि समोरच्यालाही मुद्द्यावर उत्तर द्यावं लागतं.

आपलं म्हणणं मांडायची दुसरी जागा म्हणजे जनसुनावणी. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अधिकारी अध्यक्ष असतो, किमान ३० दिवस आधी पेपरात नोटीस येते, आणि खाणीच्या पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. अभ्यास खाणीच्या भोवती १० किलोमीटरपर्यंत असतो, म्हणजे ज्यांची जमीन जात नाही त्यांनाही बोलायचा हक्क आहे. सारांश हातात आला की आधी बघा तुमचा नाला नकाशावर आहे का, वळवणार आहेत का, विहिरी कुठल्या मोजल्या आणि कोणत्या महिन्यात. या अहवालांसाठी पावसाळा सोडून एका हंगामाचे आकडे घेतले तरी चालतं. तुमच्याकडे बारा महिन्यांचे, नऊ विहिरींचे आकडे असतील तर ते वाचून दाखवा आणि लेखी द्या. सुनावणी संपताना आलेले मुद्दे मराठीत वाचून दाखवायचे असतात, तोपर्यंत उठू नका, आपला मुद्दा त्यात आला नाही तर तिथंच उभं राहून सांगा.

मंजुरी मिळून गेली असेल तरी मोजणं थांबवू नका. मंजुरीच्या पत्रातल्या अटी पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर असतात, खाणीला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, त्या पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. खाणीतलं पाणी उपसायला केंद्रीय भूजल प्राधिकरणाचं ना-हरकत पत्रही लागतं. अहवाल काढा, त्यात तुमच्या दिशेच्या विहिरीची पातळी काय लिहिलीय ती बघा, आणि तुमच्या वहीशी लावा.

शेवटी नकाशा रंगवायचा. जिथं गोल गोट्यांचा थर आहे, मे महिन्यात ओल हाताला लागते आणि रब्बी दरवर्षी निघतं ते हिरवं. जिथं थर आहे पण ओल खोल गेलीय, किंवा पुराचं पाणी कधीमधी येतं ते पिवळं. धारदार खडीची बरड जमीन पांढरी ठेवा आणि ती हिरवी दाखवायचा मोह टाळा, एक गट खोटा निघाला की बाकीच्या खऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आमच्या शिवारात माझ्या चुलत्याचाच एक तुकडा पांढरा निघाला, तो आठ दिवस बोलला नाही, पण नंतर स्वतः येऊन खड्डा बघून गेला.

नकाशा, वही, फोटो, रिपोर्ट यांचे चार संच करा. एक ग्रामपंचायतीत ग्रामसभेच्या ठरावाला जोडून द्या, एक तहसीलला, एक प्रदूषण मंडळाच्या चंद्रपूरच्या ऑफिसला, एक घरी. देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.